'बेघर' कळतं, मग 'होमलेस' का अडतं?

उर्दू माध्यमातून दहावी झालेली अनेक मुलं अकरावी सायन्सला जातात आणि पहिल्याच महिन्यात घाबरतात. विषय कळतो, पण इंग्रजी शब्द अडवतात. मग मिनिंगच्या वह्या भरायच्या आणि रट्टा मारायचा. काही जण तर शाखाच बदलतात. आम्ही शिक्षक हे पाहत आलो आहोत. खरं म्हणजे किल्ली या मुलांकडे आधीपासूनच आहे.

'बेघर', 'नापसंत', 'लापता' हे शब्द आपण कधी पाठ केले होते का? 'बे', 'ना', 'ला' कळले की पुढचं आपोआप कळतं. शब्दाच्या आधी लागतो तो उर्दूत साबिका, मराठीत उपसर्ग, इंग्रजीत प्रिफिक्स. शेवटी लागतो तो लाहिका, प्रत्यय, म्हणजेच सफिक्स. 'अनहॅपी'मधला 'अन' आणि 'नाखुश'मधला 'ना' एकच काम करतात. कधी फक्त जागा बदलते: 'बेघर'मध्ये 'बे' पुढे आहे, 'होमलेस'मध्ये 'लेस' मागे.

आता मूळ शब्द, म्हणजे रूट. इल्म, आलिम, तालीम, मालूम या सगळ्यांचं मूळ एकच, हे आपल्या मुलांना माहीत असतं. इंग्रजीतही तसंच आहे. लॅटिनमधून आलेल्या 'पोर्ट'चा अर्थ वाहून नेणे. आत आणणं ते इम्पोर्ट, बाहेर पाठवणं ते एक्सपोर्ट, सहज उचलून नेता येतं ते पोर्टेबल.

सायन्समध्ये तर याचा फारच फायदा होतो. 'बायो' म्हणजे जीवन, 'लॉजी' म्हणजे शास्त्र, 'कार्डिओ' म्हणजे हृदयाचं, 'हेपॅट' म्हणजे यकृत, 'आयटिस' म्हणजे दाह, सूज. आता हेपॅटायटिस म्हणजे काय, हे मुलं स्वतःच सांगतील.

मात्र एक काळजी घ्या. 'बेटा'मधला 'बे' जसा 'विना' नव्हे, तसा 'अंकल'मधला 'अन' हा उपसर्ग नव्हे. तुकडा काढल्यावर उरलेल्या भागाला अर्थ आहे का ते बघा, शंका आली तर डिक्शनरी उघडा.

पालकांनो, रोज एकच मूळ घ्या आणि जेवताना मुलांसोबत त्याचे चार शब्द शोधा. इंग्रजी येत नसलं तरी हरकत नाही. उर्दू-मराठीतला जोडीचा शब्द तर तुम्ही नक्कीच सांगू शकता. घरची भाषा ही अडचण नाही, तीच पहिली पायरी आहे.