दर्यावरची थंडी आणि कपड्यातले मीठ

निफाडचा पारा घसरला की थंडीचा मथळा होतो. सातपाटीच्या किनाऱ्यावर जानेवारीतही पहाटेचे तापमान बहुधा १५ अंशांच्या आसपास असते, म्हणून इथल्या थंडीची दखल कोणी घेत नाही. पण २०२३ मध्ये राज्यमासा ठरलेल्या पापलेटसाठी रात्रभर जाळी ओढणाऱ्या खलाशाला उत्तरेचा वारा झोंबत असतो, जाळ्यातून खारे पाणी अंगावर निथळत असते आणि मासळी साठवताना हात बर्फात असतात. ओल आणि वारा एकत्र आले की शून्याच्या बऱ्याच वर असलेल्या तापमानातही शरीर धोकादायकरीत्या गारठू शकते.

कपडा स्वतः ऊब तयार करत नाही. धाग्यांत अडकलेली हवा अंगची ऊब धरून ठेवते. त्या हवेची जागा पाण्याने घेतली की उष्णता वीसपटीहून अधिक वेगाने निघून जाते. म्हणूनच हिमालयात उत्तम ठरणारे पिसांचे जॅकेट बोटीवर कुचकामी आहे: भिजली की पिसे गोळा होऊन बसतात. सुती बनियनही ओल सोडत नाही. पॉलिएस्टरचा धागा वजनाच्या एक टक्काही पाणी शोषत नाही. लोकर सुमारे ३० टक्के बाष्प मुरवूनही कोरडी लागते. अंगालगत पॉलिएस्टरचा टी-शर्ट, त्यावर लोकरीचा स्वेटर, बाहेर वारा अडवणारा सैल रेनकोट आणि सर्वांत वर लाइफ जॅकेट, हा क्रम योग्य. बोटीवरच्या स्टोव्हजवळ मात्र पॉलिएस्टर जपावे, ते वितळून कातडीला चिकटते.

खरा शत्रू मीठ आहे, आणि त्याचा विचार सर्वांत कमी होतो. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी उडून जाते, क्षार धाग्यांत राहतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की मीठ हवेतलेच पाणी ओढू लागते, आणि किनाऱ्यावर रात्री आर्द्रता सहज तिथवर पोहोचते. दिवसभर उन्हात वाळवलेला स्वेटर रात्री पुन्हा दमट का लागतो, त्याचे कारण हेच. ऊन इथे कामी येत नाही. प्रत्येक फेरीनंतर कपडे गोड्या पाण्यात दोनदा खळबळून काढावेत. साबण सौम्य असावा आणि फॅब्रिक सॉफ्टनर टाळावा, कारण त्याचा थर धाग्यांवर बसतो. लोकर पिळू नये, आडवी पसरून सावलीत वाळवावी.

१ जूनपासूनच्या मासेमारीबंदीत हे कपडे ट्रंकेत जातात. ते मीठ काढून, पूर्ण वाळवून आणि न दाबता ठेवावेत. लोकरीला कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या हव्यातच.

मच्छीमार सहकारी संस्था बोटींना डिझेल आणि बर्फ पुरवतात. त्यांनी खलाशांसाठी लोकरीचे स्वेटर घाऊक दराने आणावेत आणि बंदरावर कपडे खळबळण्यासाठी गोड्या पाण्याचा एक नळ राखून ठेवावा.