पहिली खोट पेलणारं स्वयंपाकघर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

धाराशिव जिल्ह्यात उन्हं तापायला लागली की घरोघरी वाळवणाची गडबड सुरू होते. उडदाचे पापड, कुरडया, शेवया, सांडगे, वर्षभराचा काळा मसाला, येसर. यातलं काही विकत घ्यायचं म्हटलं की आपण गल्लीतल्या एखाद्या मावशींचं नाव घेतो. त्यांच्या हाताला चव आहे, हे साऱ्या गावाला ठाऊक असतं. मग या मावशींचा धंदा उभा का राहत नाही? दोन-तीन उन्हाळे पापड विकून त्या पुन्हा खुरपणीला का जातात? आज या प्रश्नाकडे जरा हिशेबाच्या अंगानं पाहू.

समजा, एक बाई शेंगदाण्याची चटणी करते. किलोमागे कच्चा माल १६० रुपयांचा. चटणी विकली २२० रुपयांना. साठ रुपये सुटले, असं तिला वाटतं. पण त्यातून गॅसचे १०, पाकीट आणि लेबलचे ८, आणि तालुक्याला जाण्या-येण्याचं एसटीचं भाडं किलोमागे १२ रुपये वजा करा. उरले ३०. अर्ध्या दिवसात तीन किलो चटणी झाली, तर हाती आले ९० रुपये. तेवढ्या वेळात शेतावर गेली असती, तर यापेक्षा जास्त मिळाले असते. म्हणजे नफा तर नाहीच, तिनं स्वतःची मजुरीही पुरती घेतलेली नाही. आणि एखादा घाणा करपला किंवा दुकानदारानं उधारी थकवली, तर तेही गेले.

उपाय म्हणून आपण तिला काय सांगतो? 'यंत्र घे, कर्ज काढ.' यंत्र घरात येतं. हंगामात दोन महिने चालतं, दहा महिने पडून राहतं. हप्ता मात्र बाराही महिने असतो. कोरडवाहू शेती असलेल्या घरात हा हप्ता फेडायला पहिल्यांदा शेळी विकली जाते आणि त्याच्या पाठोपाठ हुरूपही जातो.

इथेच 'इन्क्युबेटर' ही कल्पना उपयोगी पडते. शब्द इंग्रजी असला तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. कोंबड्या पाळणाऱ्यांना अंडी उबवण्याचं यंत्र माहीत आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ठेवतात ती काचेची पेटी तर सर्वांनाच माहीत आहे. दोन्हींचा नियम एकच: बाहेरची हवा सोसण्याचं बळ येईपर्यंत आधार द्यायचा, आणि बळ आलं की बाहेर काढायचं. हेच काम धंद्यासाठी करणारं सामाईक स्वयंपाकघर म्हणजे किचन इन्क्युबेटर.

अशा ठिकाणी चार गोष्टी मिळतात. पहिली, तासाच्या भाड्यानं जागा आणि यंत्रं. कांडप यंत्र, मोठी कढई, वाळवणी यंत्र, पाकीट बंद करायचं यंत्र. सोमवारी सकाळी एकीचा मसाला, दुपारी दुसरीच्या शेवया. दुसरी, माप. घरात 'मूठभर' आणि 'चवीपुरतं' चालतं. दुकानात शंभरावं पाकीट पहिल्यासारखंच लागावं लागतं. म्हणून पाककृती ग्रॅममध्ये लिहून काढायची आणि माल किती दिवस टिकतो ते तपासून घ्यायचं. तिसरी, कागदपत्रं. अन्नसुरक्षेचा कायदा २००६ सालचा. तो २०११ पासून अमलात आला. त्या वेळच्या नियमांत वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्या छोट्या उत्पादकांसाठी परवान्याऐवजी वर्षाला १०० रुपये शुल्काची साधी नोंदणी ठेवली होती. पाकिटावर दिसणारा १४ आकडी क्रमांक तो हाच. चौथी गोष्ट म्हणजे वर केला तसा हिशेब, आणि दुकानदाराशी बोलताना पाठीशी उभं राहणारं माणूस.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या मिशन भागात २००५ साली 'ला कोसिना' नावाची ना-नफा संस्था अशाच कामासाठी सुरू झाली. स्पॅनिशमध्ये या नावाचा अर्थ स्वयंपाकघर. परदेशातून येऊन तिथे स्थिरावू पाहणाऱ्या बायका उत्तम रांधत होत्या. पण नियमात बसणारं, व्यवसायाचं स्वयंपाकघर त्यांच्या आवाक्यात नव्हतं. ते संस्थेनं कमी भाड्यात दिलं आणि सोबत धंद्याचं शिक्षणही दिलं.

महाराष्ट्राला मात्र ही गोष्ट अगदी नवी नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार कुटुंब गावी ठेवून राहत. त्यांना जेवू घालत त्या खानावळवाल्या बायका. किराणा उधारीवर, पैसा सावकाराचा, आणि रांधणारे हात तिचे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेच्या कर्जाची वाट मोकळी केली. २००२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, कामगारांचे पगार थांबले आणि त्यांच्या जेवणावर चालणाऱ्या चुलीही अडचणीत आल्या. एकाच गिऱ्हाइकावर विसंबलेला धंदा किती कच्चा असतो, हे तेव्हा दिसलं. धाराशिवमध्ये केवळ तुळजापूरच्या नवरात्राच्या गर्दीवर हिशेब मांडणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

आपल्या जिल्ह्यात बायकांच्या उद्योगाची पायाभरणी झाली ती एका संकटातून. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूरबरोबर आपल्याकडची उमरगा भागातली, सास्तूरसारखी गावं पडली. पुनर्वसनाच्या काळात प्रेमा गोपालन आणि त्यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून पुढे आणलं. घर कसं बांधायचं, सरकारी मदत कशी मिळवायची, हे त्या गावाला सांगू लागल्या. पुढे त्यांतून बचत गट झाले. मग याच बायका सुधारित चुली आणि सौर दिवे विकायला निघाल्या. त्यानंतर आलं एक एकर शेतीचं काम: घरच्या जमिनीतला एक तुकडा बाईच्या निर्णयानं कसायचा आणि त्यात आधी घरच्या ताटापुरतं धान्य, कडधान्य, भाजी पिकवायची. संस्थेला २०१७ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. गोपालन २०२२ मध्ये निवर्तल्या.

या प्रवासाचा क्रम नीट पाहा. आधी बाई चारचौघांत बोलू लागली, मग बचत करू लागली, मग विकू लागली. कर्ज ही पहिली पायरी नव्हती. हिंगळजवाडीच्या कमल कुंभार यांनी बांगड्या विकण्यापासून सुरुवात केली, पुढे कुक्कुटपालनात नाव मिळवलं आणि नारीशक्ती पुरस्कारापर्यंत पोचल्या. त्यांची वाटही अशीच लहान-लहान पावलांची आहे.

आता सरकारी बाजू. २०२० साली केंद्रानं सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना आणली. तिच्यात वैयक्तिक उद्योगाला कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदान ठेवलं होतं. बचत गटातल्या प्रक्रिया करणाऱ्या सदस्येला ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवल होतं. आणि भाड्यानं वापरता येतील अशा सामाईक उबवणी केंद्रांचीही तरतूद होती. अनुदानाची चर्चा गावात होते, सामाईक केंद्राची क्वचितच. कोरडवाहू जिल्ह्याला मात्र खरी गरज याच तिसऱ्या गोष्टीची आहे. कारण वैयक्तिक यंत्रात जोखीम एका घरावर पडते. सामाईक स्वयंपाकघरात ती वीस घरांत वाटली जाते. चटणी चालली नाही तर बाईचे चार दिवस आणि थोडा कच्चा माल जाईल. शेळी जाणार नाही. ती पुढच्या महिन्यात येसर करून पाहील.

असं केंद्र निघालं, तर काही पथ्यं हवीत. ते तालुक्याच्या ठिकाणी, एसटी स्टँडपासून चालत जाता येईल असं असावं. उसतोडीला जाणाऱ्या बायका उन्हाळ्याच्या तोंडाशी गावी परततात. वाळवणाचा हंगाम तोच. तेव्हा यंत्रांच्या पाळ्या त्यांनाही मिळाव्यात. भूम भागातल्या खव्यासारखा नाशवंत माल ठेवायला थंड खोली असावी, म्हणजे पडेल भावात विकण्याची वेळ येणार नाही. दोन-तीन वर्षांत बाईनं बाहेर पडून स्वतःची जागा करावी आणि तिची पाळी नवीला मिळावी. नाहीतर तिथे त्याच दहा जणी कायमच्या बसतील. सर्वांत महत्त्वाचं, नोंदणी आणि बँकेचं खातं बाईच्याच नावावर असावं. रांधायचं तिनं आणि पैसे जमा व्हायचे दुसऱ्याच्या खात्यात, असं झालं तर एवढा खटाटोप कुणासाठी केला, हा प्रश्न उरतोच.