शांततेसाठी स्पॅनिश शब्द निवडताना

मराठीतून स्पॅनिशमध्ये अनुवाद करणाऱ्याला ‘शांतता’ हा साधा शब्द वारंवार अडवतो, कारण रुग्णालयातली ‘शांतता राखा’ ही पाटी, दोन राष्ट्रांमधला शांतता करार, दंगलीनंतरची तणावपूर्ण शांतता आणि मनाला लाभलेली शांतता हे सारे मराठीत एकाच शब्दावर भागते, स्पॅनिशमध्ये मात्र भागत नाही. कोशात पास, काल्मा, त्रान्किलिदाद, सोसिएगो, किएतुद असे पर्याय सापडतात. पण कोश बहुधा त्यांतल्या एकाचा अर्थ दुसऱ्याने सांगतो, त्यामुळे निवडीचे काम अनुवादकाकडेच उरते. अशा वेळी शांतता किती गाढ आहे हे पाहून फारसे हाती लागत नाही. ती कशाच्या नसण्यामुळे आली आहे, हे पाहावे लागते.

‘पास’ (स्पेनच्या बऱ्याच भागांत उच्चार ‘पाथ’, मराठी नकाशांत ‘पाझ’) हा शब्द लॅटिन ‘पाक्स’पासून आला असून त्या शब्दाचे नाते करार करण्याच्या क्रियापदाशी आहे, म्हणून त्यामागे सहसा दोन पक्ष आणि त्यांच्यातले वैर गृहीत असते. भांडलेल्या दोघांनी समेट केला की ‘आसेर लास पासेस’ असे अनेकवचनी रूप वापरतात. बोलिव्हियातले ला पाझ हे शहर १५४८ मध्ये वसवले गेले आणि पेरूमधले गोन्सालो पिसारोचे बंड नुकतेच मोडले गेले असल्यामुळे त्याला हे नाव मिळाले. कोलंबियाच्या सरकारने फार्क या बंडखोर संघटनेशी २०१६ मध्ये केलेल्या कराराच्या लांबलचक शीर्षकातही स्थिर आणि टिकाऊ ‘पास’चीच भाषा आहे. मात्र हा शब्द दिसतो तितका निरागस नाही. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीने १९६४ मध्ये ‘शांततेची २५ वर्षे’ थाटामाटात साजरी केली, तेव्हा यादवी युद्धात हरलेल्यांच्या कानाला त्यात विजेत्याचाच सूर ऐकू येणे स्वाभाविक होते. त्या काळावरच्या मजकुरात ‘पास’ लिहिताना हा इतिहास विसरून चालत नाही.

‘काल्मा’चे मूळ ग्रीकमधल्या ‘कौमा’ म्हणजे काहिली या शब्दात शोधले जाते: भर दुपारी वारा पडतो, समुद्र निपचित होतो, आणि त्या अवस्थेचे नाव पुढे शांततेला मिळाले. शिडाच्या जहाजांना ही अवस्था सुखाची नव्हती, कारण वाऱ्याचा मागमूस नसलेल्या ‘काल्मा चिचा’त जहाज जागीच खोळंबत असे. हा शब्द आजही हवेसारखाच बदलता आहे; काल्मा असते, आणि ती केव्हाही मोडू शकते. म्हणूनच मराठी वृत्तपत्रांतल्या ‘तणावपूर्ण शांतते’ला स्पॅनिश बातमीदार ‘तेन्सा काल्मा’ म्हणतात, आणि तेथे ‘पास’ घालणारा अनुवादक न झालेला समेट झाल्याचे सांगून बसतो.

‘त्रान्किलिदाद’ म्हणजे काळजीचा अभाव. त्याचे विशेषण रोजच्या बोलण्यात इतके रुळले आहे की घाबरलेल्या पुरुषाला ‘त्रान्किलो’ आणि स्त्रीला ‘त्रान्किला’ एवढे म्हटले तरी धीर दिला जातो. ‘सोसिएगो’ची जात निराळी आहे. बसणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाशी त्याचे नाते असून ढवळलेले काही खाली बसावे तसा निवांतपणा तो सांगतो. त्याच्या विरुद्धार्थी ‘देसासोसिएगो’ला मराठीत ‘तगमग’ हा शब्द चांगला बसतो. ‘सोसिएगो’ लेखी भाषेत शोभतो, पण प्रत्येक संथ संध्याकाळीला तो चिकटवणे ही अनुवादकांची हौस आहे, गरज नव्हे. ‘किएतुद’ म्हणजे हालचालीचा अभाव, आणि धार्मिक मजकुरात त्याला वेगळीच धार येते: आविलाच्या संत तेरेसाने प्रार्थनेच्या एका पायरीला हे नाव दिले, तर १६७५ मध्ये ‘गिया एस्पिरितुआल’ हा ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या मिगेल दे मोलिनोसची, मनाने पूर्ण निष्क्रिय व्हावे असे सांगणारी शिकवण १६८७ मध्ये पोपने निषिद्ध ठरवली. त्यामुळे ध्यानावरच्या भारतीय ग्रंथाचा अनुवाद करताना हा शब्द जपून वापरलेला बरा.

‘भांडणानंतर घरात शांतता पसरली’ एवढे एकच वाक्य घेतले तरी निवड किती नेमकी करावी लागते ते दिसते. दोघांनी एकमेकांना माफ केले असेल तर ‘पास’, नुसता आरडाओरडा थांबला असेल तर ‘काल्मा’, आणि अबोला धरला असेल तर ‘सिलेन्सिओ’ म्हणजे निव्वळ आवाजाचा अभाव. मराठी वाक्य यांपैकी काहीच सांगत नाही. ते मागच्या-पुढच्या परिच्छेदांतून काढावे लागते, आणि तेथेही मिळाले नाही तर लेखकाला विचारावे लागते. रुग्णालयाच्या पाटीचे काम त्या मानाने सोपे आहे: तेथे ‘सिलेन्सिओ’ लिहावे.