एमसीबी पडला नाही, तरी टेबलातला प्लग का तापतो?

झाकण वर केलं की ऑफिसच्या टेबलातच सॉकेट. लॅपटॉप लावा, मोबाइल लावा, भिंतीपर्यंत जायची गरज नाही. पण या सॉकेटपर्यंत वीज येते कुठून, हे बघायला फार कमी जण टेबलाखाली वाकतात.

वाकलं तर अनेकदा दिसतं ते असं: भिंतीतल्या पॉइंटला पहिलं टेबल जोडलेलं, पहिल्याला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. म्हणजे सगळ्या टेबलांची वीज पहिल्या प्लगमधूनच जाते.

गणित काय सांगतं?

लॅपटॉप आणि मॉनिटर मिळून एका टेबलाचे साधारण १०० वॅट धरू. अशी ८ टेबलं म्हणजे ८०० वॅट. २३० व्होल्टला हा करंट होतो सुमारे ३.५ अँपिअर. नेहमीचं छोटं सॉकेट ६ अँपिअरचं, त्यामुळे इथवर ठीक.

आता कुणीतरी चहासाठी १५०० वॅटची किटली टेबलावरच लावली. एकूण २३०० वॅट, म्हणजे १० अँपिअर. पहिला प्लग त्याच्या क्षमतेच्या दीडपटीहून जास्त करंट वाहतोय. त्या लाइनवर १६ अँपिअरचा एमसीबी असेल, तर तो पडणार नाही. त्याच्या हिशेबाने सगळं आलबेल आहे!

ढिली पिन

पिन सॉकेटमध्ये ढिली असेल, तर कमी लोडवरही ती तापते. स्पर्श नीट नसला की त्या जागी रोध वाढतो आणि उष्णता तयार होते. एमसीबी करंट मोजतो, पिनेचं तापमान नाही. सॉकेटवर तपकिरी डाग, जळकट वास किंवा हाताला गरम लागणारा प्लग ही लक्षणं दिसली की तो पॉइंट बंदच करायचा. प्लग हलवून 'लागला एकदाचा' म्हणणं हा उपाय नव्हे.

टेबललाच करंट आला तर?

पत्र्याच्या पॅनेलमधल्या भोकातून वायर जाते. भोकाच्या कडेला रबरी किंवा प्लास्टिकची रिंग नसेल, तर टेबल सरकवताना वायरचं आवरण कापलं जाऊ शकतं. वर-खाली होणाऱ्या टेबलांत हा ताण रोजचाच. सांगाड्याला अर्थिंग धड नसेल, तर टेबलात वीज उतरते आणि कुणी हात लावेपर्यंत कळतही नाही. दोन पिनांचा अ‍ॅडॉप्टर मध्ये घातला, की अर्थिंग तिथेच तुटलं.

अशा वेळी उपयोगी पडतो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. गेलेला आणि परत आलेला करंट यांत एवढा फरक पडला की तो क्षणार्धात वीज तोडतो. एमसीबीचे १६ अँपिअर याच्या ५०० पटींहून जास्त आहेत. माणसाला जीवघेणा शॉक बसला तरी त्याला पत्ता लागत नाही.

जबाबदारी कुणाची?

ब्रिटनमध्ये ऑफिस फर्निचरमधल्या वीजव्यवस्थेसाठी 'बीएस ६३९६' हे वेगळं मानक आहे. भारतात प्लग-सॉकेटसाठी 'आयएस १२९३' आणि इमारतीच्या वायरिंगसाठी 'आयएस ७३२' आहे. अडचण होते ती मधल्या जागेत. टेबल फर्निचरवाला बसवतो, भिंतीपर्यंतचं काम इलेक्ट्रिशियनचं. दोन्ही जोडणारी ती साखळी बऱ्याचदा ऑफिसातलाच कुणीतरी एक्स्टेंशन बोर्ड आणून पूर्ण करतो.

किटली आणि हीटरची जागा पँट्रीतल्या १६ अँपिअरच्या स्वतंत्र पॉइंटवर. टेबल हलवायचं असेल तर आधी प्लग काढायचा. आणि आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. ते दाबल्यावर स्विच खाली पडला नाही, तर त्याच दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलवा. बटण दाबण्यापूर्वी मात्र सगळ्यांना फाइल सेव्ह करायला सांगा.