शरीराची परीक्षा आणि गुणांचा तराजू

सैनिकाचे शरीर किती समर्थ आहे हे रणांगणावर कळतेच. पण तेथे कळून फारसा उपयोग नसतो. म्हणून प्रत्येक सेना शांततेच्या काळातच त्याची परीक्षा घेते आणि तिला गुण देते. गुण आले की तराजू आला. आणि तराजू आला की तो कशासाठी धरला आहे, हा प्रश्न आलाच. अमेरिकेच्या भूसेनेच्या उदाहरणावरून तो आपण उलगडून पाहू.

या सेनेत १९८० पासून चार दशके एकच परीक्षा चालली. दोन मिनिटे पुश-अप्स, दोन मिनिटे सिट-अप्स आणि दोन मैलांची धाव. प्रत्येक प्रकारास १०० गुण, आणि प्रत्येकात किमान ६० हवेत. मैदान आणि घड्याळ एवढ्यावर काम भागे. परंतु गुणांचे कोष्टक वय आणि लिंग पाहून केलेले होते. अखेरच्या काळातील कोष्टकाप्रमाणे १७ ते २१ वर्षांच्या तरुणाने ४२ पुश-अप्स काढले तर त्यास ६० गुण, म्हणजे तो काठावर उत्तीर्ण. त्याच वयाच्या तरुणीने तितकेच काढले तर तिला पुरे १००.

यास अन्याय म्हणावे काय? आमच्या मते, उत्तर परीक्षेच्या हेतूवर अवलंबून आहे. 'या व्यक्तीने आपले शरीर निगुतीने राखले आहे काय?' असे विचारायचे असेल, तर तिची तुलना तिच्या बरोबरीच्यांशी करणेच योग्य. परंतु 'ही व्यक्ती जखमी सोबत्यास ओढून आणील काय?' असा प्रश्न असेल, तर उचलणारा कोण आहे हे पाहून जखमी माणसाचे वजन कमी होत नाही.

या दुसऱ्या प्रश्नासाठी नवी परीक्षा आखली गेली आणि २०२० मध्ये तिने जुनीची जागा घेतली. तीत सहा प्रकार आणि ६०० गुण होते. जमिनीवरून वजन उचलणे, जड चेंडू मागे फेकणे, ओझे ओढत धावणे हे प्रकार आले, आणि कोष्टक सर्वांना एकच ठेवले. किमान १४० पौंड वजन तीनदा उचलावे, दोन मैल २१ मिनिटांत धावावे. अधिक कष्टाच्या कामांसाठी हीच मर्यादा २०० पौंड व १८ मिनिटे होती.

अडचण लवकरच दिसली. आडव्या दांड्याला लोंबकळून गुडघे कोपरांपर्यंत नेण्याचा जो प्रकार होता, तो अनेक स्त्री-सैनिकांस एकदाही जमेना. अमेरिकन काँग्रेसने स्वतंत्र अभ्यास करण्यास सांगितले. २०२२ मध्ये तो प्रकार गेला, त्याच्या जागी कोपरांवर शरीर ताठ धरून ठेवणे आले, आणि वय व लिंगानुसार कोष्टकेही परतली. २०२५ मध्ये पुन्हा पालट झाला. चेंडूफेक वगळून पाच प्रकार व ५०० गुण राहिले. लढाऊ स्वरूपाच्या २१ कामांसाठी स्त्री-पुरुषांना एकच कोष्टक व किमान ३५० गुण. इतरांस वय-लिंगानुसार ३००. म्हणजे एका तराजूने दोन प्रश्न तोलता येत नाहीत, हे अखेर मान्य झाले.

आपल्याकडील भरतीतही तराजूची करामत दिसते. १६०० मीटर अंतर ५ मिनिटे ३० सेकंदांत धावणाऱ्यास ६० गुण मिळतात. एक सेकंद अधिक लागला की ४८. एका सेकंदाची किंमत १२ गुण! उलट नऊ फुटी खंदक ओलांडणे केवळ जमले पाहिजे. त्याला गुण नाहीत. साहजिकच पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर धावणारा मुलगा खंदकापेक्षा त्या सेकंदाचीच चिंता अधिक करतो. जे मोजले जाते, त्याचीच तयारी होते. अमेरिकेतही चाळीस वर्षे वजन उचलणे मोजले गेले नाही, तेव्हा ते परीक्षेसाठी कोणी शिकावे तरी का?

म्हणून कोणत्याही परीक्षेचे गुण ऐकताच आपण तीन गोष्टी विचाराव्यात: तुलना कोणाशी केली, काम कोणते डोळ्यांसमोर ठेवले, आणि उत्तीर्णतेची रेघ तेथेच का ओढली? कोष्टके बदलतात याचा अर्थ सैनिक दुबळे झाले असा नव्हे. पुष्कळदा बदललेला असतो तो प्रश्नच.