फिर्याद कोणाची, पैसा कोणाचा?

एखाद्या वर्तमानपत्रावर अब्रुनुकसानीचा दावा लागला की लोक निकालाची वाट पाहत बसतात. खरे कोण ठरले आणि खोटे कोण ठरले, एवढेच त्यांना हवे असते. आमचे म्हणणे असे की, त्याआधी दुसरा एक प्रश्न विचारला पाहिजे : या दाव्याचा खर्च कोण करीत आहे? कामगार संघटनेच्या कामात कोर्टाच्या पायऱ्या आम्ही पुष्कळ झिजवल्या. कायदा आम्ही कॉलेजात शिकलो नाही, तारखांना हजर राहून शिकलो. तेथे पहिला धडा मिळाला तो हा की, खटला हरून जितकी माणसे बुडतात, त्यांहून अधिक माणसे खटला लांबल्यामुळे बुडतात.

अमेरिकेतील एका प्रकरणाने हा प्रश्न साऱ्या जगापुढे आला. ‘गॉकर’ नावाचे इंटरनेटवरचे एक बातमीपत्र न्यूयॉर्कहून चालत असे. आपल्या मुलखात ज्यांना आपण गजाली म्हणतो, तशा बड्या लोकांच्या गजाली हा त्याचा मुख्य माल. २००७ साली या कंपनीच्या एका पत्राने पीटर थील या कोट्यधीश भांडवलदाराविषयी, ते समलिंगी असल्याचे छापले. ही गोष्ट थील यांनी स्वतः जाहीर केलेली नव्हती. त्यांनी तेव्हा दावा लावला नाही. ते थांबले.

२०१२ साली गॉकरने हल्क होगन या प्रसिद्ध कुस्तीगिराच्या शय्यागृहातील चित्रफितीचा तुकडा प्रसिद्ध केला. होगन यांनी दावा लावला. मार्च २०१६ मध्ये फ्लॉरिडातील ज्यूरीने त्यांना १४ कोटी डॉलर देवविले. मे महिन्यात उघड झाले की, या दाव्यामागे थील यांचे सुमारे १ कोटी डॉलर होते. जूनमध्ये गॉकरने दिवाळे जाहीर केले आणि ऑगस्टमध्ये ते पत्र बंद पडले. नोव्हेंबरात होगन यांच्याशी तडजोड झाली ती ३ कोटी १० लाख डॉलरांवर, म्हणजे मूळ रकमेच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी. पण तोवर पत्र मेले होते.

यातील एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ज्या मुद्द्यावर गॉकरच्या विमा कंपनीकडून पैसे मिळू शकले असते, तो मुद्दा होगन यांच्या वकिलांनी मध्येच सोडून दिला. ज्याला भरपाई हवी असते, तो पैसे देऊ शकणाऱ्या विमा कंपनीला सहसा सोडीत नाही. मग येथे हवे होते ते काय, हे वाचकांनीच ठरवावे.

गॉकरसाठी अश्रू ढाळावेत असे आम्ही म्हणत नाही. कोणाच्या शय्यागृहातील चित्रे चव्हाट्यावर मांडणे ही बातमी नव्हे. ज्यूरीला राग आला तो अकारण नव्हता. परंतु शिक्षा किती व्हावी हे न्यायालयाने ठरवायचे असते. पत्राने जगावे की मरावे हे पडद्याआडच्या तिऱ्हाइताने ठरवायचे नसते.

असली प्रकरणे आपल्याला नवी नाहीत. १८६० साली मुंबईत करसनदास मुळजी यांनी आपल्या ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्रात वल्लभ संप्रदायाच्या महाराजांच्या अनाचारावर लेख लिहिला. जदुनाथजी महाराजांनी ५०,००० रुपयांचा दावा लावला. महाराजांचे अनुयायी म्हणजे मुंबईतले धनाढ्य व्यापारी. महाराजांविरुद्ध कोणी साक्ष देऊ नये असा बंदोबस्त जातीत करण्याचा प्रयत्न झाला, आणि त्याबद्दल नऊ भाटिया पुढाऱ्यांवर वेगळा खटला होऊन त्यांना दंड झाला. तरीही साक्षीदार उभे राहिले. त्यांत आपल्या तेरेखोलपलीकडच्या पेडणे महालातले डॉ. भाऊ दाजी लाड हेही होते. २२ एप्रिल १८६२ रोजी निकाल लागला, आणि लिहिले ते खरे होते असे ठरले. करसनदासांना खर्चापोटी ११,५०० रुपये मिळाले. त्यांचा खर्च मात्र सुमारे १४,००० झाला होता. म्हणजे सत्य सिद्ध होऊनही अडीच हजारांचा खड्डा राहिलाच. त्या काळी अडीच हजारांत एखादे लहान पत्र सहज बुडाले असते.

दुसरे प्रकरण मराठी माणसाला परिचित आहे. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज यांच्या छळाविषयी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर टीका केली. ती ज्या पत्रांच्या आधारे केली, ती पत्रे बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी दिलगिरी दर्शविली, पण खटला थांबला नाही. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली; डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते सुटले. त्यांच्या जामिनासाठी जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून रामशेट उरवणे यांनी १०,००० रुपयांची हमी दिली होती. टिळक-आगरकर आणि जोतीराव यांच्या मतांत किती अंतर होते ते सर्वांस ठाऊक आहे. तरी हमी दिली गेली आणि ती उघडपणे, नावानिशी दिली गेली. ‘केसरी’ चूक करूनही जगला, कारण त्याच्या मागे लोक होते. गॉकरच्या मागे वाचक लाखो होते, पण पाठीराखे नव्हते. गजाली ऐकायला गर्दी जमते; गजाली सांगणाऱ्याचा जामीन द्यायला कोणी येत नाही.

आता एक अवघड प्रश्न आमच्याच अंगावर येतो. दुसऱ्याच्या दाव्याला पैसा पुरवणे जर वाईट, तर कामगार संघटना काय करते? रेडीच्या खाणीवरील मजुराला किंवा काजूच्या कारखान्यातील बाईला कामावरून काढले, तर तिचा वकील कोण देतो? संघटनाच देते, आणि तो पैसा तिऱ्हाइतांच्या वर्गणीचाच असतो. तो बंद केला तर गरिबाला कोर्टाचे दारच बंद होईल. एखाद्या साध्या माणसाची वर्तमानपत्राने विनाकारण बेअब्रू केली, तर त्यालाही कोणाचा तरी हात लागेलच. म्हणून ‘तिऱ्हाइताचा पैसा नको’ ही मागणी आम्ही कधीही करणार नाही.

आपला कायदाही तसे म्हणत नाही. इंग्लंडात परक्याच्या खटल्याला पैसा पुरवणे हा पूर्वी अपराध मानीत. १८७६ साली प्रिव्ही कौन्सिलने रामकुमार कुंडू यांच्या खटल्यात सांगितले की, तो नियम हिंदुस्थानला लागू नाही. मात्र दुसऱ्याला छळण्यासाठी अन्याय्य दाव्यांना चिथावणी देणारे करार कोर्टाने मानू नयेत, असेही तेथेच बजावले. पुढे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पंचविसाव्या आदेशात महाराष्ट्रापुरती दुरुस्ती झाली. दाव्यातील मालमत्तेत हिस्सा ठरवून कोणी वादीला पैसा पुरवीत असेल, तर त्याच्या संमतीने त्याला वादी म्हणून सामील करता येते आणि खर्चाचे तारणही मागता येते.

नियम चांगला आहे, पण त्याला एक भोक आहे. तो हिस्सा मागणाऱ्याला धरतो. ज्याला हिस्सा नको, फक्त सूड हवा, तो या जाळ्यातून निसटतो. श्रीमंताला दाव्यातून पैसा मिळवण्याची गरज नसते, आणि त्याचा धोका नेमका येथे आहे. त्यात कोर्ट-फीचाही हिशोब पाहावा. महाराष्ट्रात २०१८ साली या फीची कमाल मर्यादा ३ लाखांवरून १० लाखांवर नेली. मर्यादा गाठली की ५० कोटींचा दावा आणि १०० कोटींचा दावा यांची फी एकच. मोठा आकडा लिहायला शाई तेवढीच लागते. तो वाचून तालुक्याच्या साप्ताहिकाच्या संपादकाची झोप मात्र उडते.

मग संघटनेचा पैसा आणि थील यांचा पैसा यांत फरक काय? आमच्या मते फरक तीन ठिकाणी आहे. पहिला, उघडपणाचा. संघटनेची वर्गणी पावतीपुस्तकावर असते, मालकाला आपण कोणाशी लढतो हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. गॉकरला आपला खरा प्रतिपक्ष निकालानंतर दोन महिन्यांनी कळला. दुसरा, हेतूचा. काढलेल्या मजुराला कामावर परत घेतले की आमचा दावा संपतो. कारखाना बंद पडावा हा हेतू नसतो, कारण त्यात आमचीच चूल विझते. तिसरा, जबाबदारीचा. दावा हरलो तर सभासद आम्हांला सभेत जाब विचारतात. पडद्याआडच्या धनिकाला कोणी जाब विचारीत नाही.

म्हणून मागणी करायची ती बंदीची नव्हे, नाव सांगण्याची. वर्तमानपत्रावर दावा लावणाऱ्याने, आपल्या खर्चाचा भार दुसरा कोणी उचलीत असल्यास, त्याचे नाव पहिल्याच तारखेला कोर्टापुढे ठेवावे. त्याने हिस्सा घेतला असो वा नसो, दावा हरल्यास प्रतिवादीचा खरा खर्च त्याच्याकडून वसूल व्हावा. संपादकांनीही कोल्हापूर प्रकरणाचा धडा विसरू नये : हाती आलेला कागद खरा आहे की बनावट, हे छापण्यापूर्वी पाहावे. आणि राहिलो आपण वाचक. आपल्या गावचे, तालुक्याचे पत्र आपण फुकट मागून वाचतो आणि ते बंद पडले की हळहळतो. वर्षाची वर्गणी वेळेवर भरणे हा त्या पत्राचा सर्वांत स्वस्त जामीन आहे. तो ज्या पत्राला मिळाला आहे, त्याला नुसत्या नोटिशीने गप्प बसवणे कोणत्याही श्रीमंताला सोपे जाणार नाही.