'चिनी माती'ची नसलेली चिनी किटली: ऑनलाईन घेण्याआधी काय बघायचं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं हे लेखी रूप.

गेल्या वर्षी मी साडेअकराशे रुपयांना एक छोटी जांभळट किटली ऑनलाईन मागवली. खाली लिहिलं होतं, 'ओरिजिनल यीशिंग क्ले'. आली, शोकेसमध्ये ठेवली, दहा-बारा दिवस मिरवली. मग एकदा उकळतं पाणी ओतलं तर पाणी लालसर झालं आणि रंगाचा वास सुटला. तोवर रिटर्नची मुदत संपली होती. विकणाऱ्यानं फसवलंच, पण काय तपासायचं हे मलाही माहीत नव्हतं. म्हणून हा भाग.

पहिला गोंधळ शब्दाचाच. आपण 'चिनी माती' म्हणतो ते पोर्सेलीन, म्हणजे पांढऱ्या कपबशीचं. त्यातली मुख्य माती केओलिन, आणि हे नाव आलं चीनमधल्या गाओलिंग या ठिकाणावरून. तशी पांढरी माती आपल्याला नवी नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला केओलिनच्या प्राचीन मूर्ती सापडल्यात. तिथल्या लामतुरे संग्रहालयात जाऊन बघा.

यीशिंगची किटली मात्र या चिनी मातीची नसतेच. यीशिंग हे जिआंगसू प्रांतातलं गाव, ताई सरोवराच्या पश्चिमेला. तिथली माती खडकासारखी खाणीतून निघते. ती फोडून उघड्यावर ठेवतात, मग दळून-चाळून भिजवतात. तिला म्हणतात झिशा, म्हणजे जांभळी वाळू. मुख्य प्रकार तीन: जांभळट तपकिरी झिनी, लालसर झुनी आणि फिकट पिवळसर दुआननी.

आता भाजणीचं गणित. गावाकडच्या आव्यात मडकं साधारण 700 ते 900 अंशांवर भाजतं, म्हणून माठ पाझरतो आणि पाणी गार राहतं. पोर्सेलीन 1300 अंशांच्या आसपास काचेसारखं घट्ट होतं. झिशा या दोन्हींच्या मध्ये, 1100 ते 1200 अंशांवर. ती गळत नाही, पण वरून काचेचा थर नसल्यामुळे चहाचा वास थोडा धरून ठेवते. तिची सगळी किंमत त्यासाठीच.

मग फोटोवरून माती ओळखता येते का? नाही. एकाच मातीचा रंग भाजणीनुसार बदलतो, आणि फोटोतला रंग तर उजेडावर आणि फिल्टरवर. शिवाय रंग मिसळताही येतो. 2010 मध्ये चीनच्याच सरकारी टीव्हीनं दाखवलं होतं, की साध्या मातीत आयर्न ऑक्साईड, मँगनीजसारखी रसायनं घालून 'झिशा' बनवली जाते. म्हणून नावावर जाऊ नका, पुढच्या गोष्टी बघा.

घेण्याआधी:
- विकणाऱ्याकडे आतल्या बाजूचा, झाकणाखालचा आणि तळाचा फोटो मागा. टाळाटाळ झाली तर पुढे जा.
- आतून-बाहेरून चकचकीत असेल तर तो थर किंवा पॉलिश आहे. झिशा मंद, किंचित दाणेदार दिसते.
- हातानं घडवलेली झिशा चाकावर होत नाही. मातीचे पत्रे थापून, जोडून ती उभी करतात. एवढी मेहनत हजार-बाराशेला मिळत नाही. त्या किमतीत साच्यातलीच मिळणार.
- माल कोणत्या देशातला हे दाखवणं 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार बंधनकारक आहे. तेच नसेल तर विचार करा.

आल्यावर, त्याच दिवशी:
- पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा.
- उकळतं पाणी भरून अर्धा तास ठेवा. रंग उतरला किंवा वास आला तर लगेच परत. दाद मिळाली नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करता येते.
- किटली तळहातावर धरा आणि हलकेच टिचकी मारा. बद्द आवाज आला तर तडा असू शकतो किंवा भाजणी कच्ची.

ही शेवटची परीक्षा आपल्याला कुणी शिकवायला नको. बाजारात माठ घेताना आजी तेच करते. आणि तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट तर ठाऊकच आहे. संतांच्या मेळ्यात त्यांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारलं आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं. नामदेव कुरकुरले, ते त्याच क्षणी ओळखू आले. किटलीही वापरल्यावरच बोलते. फक्त तिला रिटर्नच्या मुदतीत बोलतं करायचं.

आणि एक प्रामाणिक सल्ला. घरात दूध-साखर-आल्याचाच चहा होत असेल तर ही किटली घेऊच नका. दूध छिद्रांत मुरून वास धरतं, आणि गॅसवर ठेवली तर ती तडकते. कोरा चहा आवडत असेल, तर एका किटलीत एकाच प्रकारचा चहा करा आणि साबण न लावता धुवा. नाहीतर आपलं स्टीलचं पातेलं झकास आहे. त्याला टिचकी मारायचीही गरज नाही!

भेटू पुढच्या भागात.